कादंबरीकाराने चित्राला कसे बसावे : नवोदितांसाठी मार्गदर्शिका

लागणारे साहित्य : कादंबरीकार एक (साठीच्या पुढचा मिळाल्यास उत्तम, चेहऱ्यावर काम करायला वाव राहतो), चित्रकार एक, बिनपाठीचे स्टूल एक आणि बिल भरणारा तिसरा माणूस एक. आरसा लागत नाही. घरात असलाच तर काम संपेपर्यंत त्याच्यावर चादर टाकून ठेवावी. रोज सकाळी दाढी करताना तिथे जो गृहस्थ भेटतो, त्याला या व्यवहारात कोणी विचारत नाही.

पात्रता : निदान एक कादंबरी छापून झालेली असावी. ती चांगली असावी अशी अट नाही. विन्स्टन चर्चिलने जन्मात एकच कादंबरी लिहिली, १९०० सालची ‘साव्रोला’, आणि ती वाचू नका असे तो मित्रांना आवर्जून सांगत असे. तरीही तो आपल्या मार्गदर्शिकेत बसतो, पुढे एका ठिकाणी तर फारच उपयोगी पडतो. कवींनी मात्र हे वाचण्यात वेळ घालवू नये. कवींना आपले कुठलेही चित्र आवडते.

कादंबरीकारांसाठीच वेगळी मार्गदर्शिका कशाला, असे कोणी विचारील. या माणसाचा धंदाच दुसऱ्यांचे चेहरे न विचारता उचलण्याचा. शेजाऱ्याचे नाक, मावसभावाचा घटस्फोट, मित्राची चारचौघांत हसायची लकब, सगळे तो घरी नेतो, थोडे उसवतो, थोडे शिवतो आणि सुरुवातीच्या पानावर छापतो की यातील सर्व पात्रे काल्पनिक आहेत. अशा माणसाला स्टुलावर बसवून कोणी उलट त्याच्याकडेच रोखून पाहू लागले, की त्याची जी गत होते ती वकील, कारखानदार किंवा नगराध्यक्ष यांच्यापेक्षा निराळी असते.

अभ्यासाला एकच उदाहरण नीट घोटावे : ग्रॅहम सदरलंडने १९४९ मध्ये काढलेले सॉमरसेट मॉम या कादंबरीकाराचे चित्र. बाकीची उदाहरणे तोंडी लावण्यापुरती.

चित्रकाराची निवड

मित्राला बोलावू नये. मित्र आपला कोट फार चांगला रंगवतो. जेरल्ड केली हा मॉमचा तरुणपणापासूनचा दोस्त. त्याने मॉमला आयुष्यात अनेकदा रंगवले. त्यातले १९११ चे ‘द जेस्टर’ आज लंडनच्या टेट संग्रहात आहे. मॉमची नाटके त्या वेळी लंडनमध्ये तुफान चालत होती, खिशात पैसा खुळखुळत होता, आणि चित्रातही तो टॉप हॅट घालून, काठी घेऊन, आताच गाडीतून उतरल्यासारखा रुबाबात बसला आहे. चित्र देखणे आहे. ते पाहून मॉमच्या शिंप्याचा पत्ता विचारावासा वाटतो, एवढेच.

त्याऐवजी ज्याने जन्मात कधी पोर्ट्रेट केलेले नाही असा माणूस शोधावा. सदरलंड हा निसर्गचित्रकार. वेल्समधल्या पेंब्रोकशरच्या वाटा, वाकडी मुळे, वाळलेली खोडे हे त्याचे विषय. युद्धात सरकारी चित्रकार म्हणून त्याने बॉम्बने पडलेल्या इमारती काढल्या. नॉर्दम्प्टनच्या सेंट मॅथ्यू चर्चसाठी १९४६ मध्ये त्याने ख्रिस्ताचे क्रूसारोहण रंगवले आणि त्या ओघात काट्यांच्या झुडपांचा त्याला असा काही नाद लागला की पुढे काही काळ तो काटेच काढत होता. हाच माणूस दक्षिण फ्रान्समध्ये गेला असताना त्याची मॉमशी ओळख झाली. मॉमचे वय ७५ च्या घरात. आपण पोर्ट्रेट करत असतो तर हा चेहरा करायला आवडला असता, असे सदरलंड कुणापाशी तरी सहज बोलून गेला. ते मॉमच्या कानावर गेले आणि मॉमने त्याला बोलावून घेतले.

इथे नवशिक्या चित्रकारांनी नोंद घ्यावी : श्रीमंत म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यांविषयी सहज काही बोलू नये. आणि नवशिक्या कादंबरीकारांनी लक्षात घ्यावे की ज्या माणसाची नजर आजवर सालींवर, गाठींवर आणि काट्यांवर फिरली आहे, तो आपल्याकडे पाहतानाही चष्मा बदलणार नाही.

बसणे

पहिल्याच निरोपाला होकार देऊ नये. टॉलस्टॉयने दिला नव्हता. मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह या व्यापाऱ्याला आपल्या संग्रहात रशियाच्या थोर लेखकांची चित्रे हवी होती, आणि टॉलस्टॉय त्याला दाद देत नव्हता. १८७३ मध्ये इव्हान क्राम्स्कोय हा चित्रकार टॉलस्टॉयच्या यास्नाया पोल्यानाच्या आसपास मुक्काम ठोकून राहिला, स्वतः जाऊन भेटला आणि त्याने युक्तिवाद केला की तुमचे चित्र कधी ना कधी त्या भिंतीवर लागणारच आहे, प्रश्न एवढाच की ते तुम्हाला पाहिलेल्या माणसाने काढायचे की न पाहिलेल्या. टॉलस्टॉय विरघळला. अट एकच, एक चित्र घरच्यांसाठीही हवे. म्हणजे एकाच्या जागी दोन पदरात पडली. घासाघीस कशी करावी याचा हा वस्तुपाठ आहे.

आणि बसल्यावर टॉलस्टॉय नुसता बसला नाही. त्याच सुमारास तो ‘आना कारेनिना’ लिहीत होता. त्या कादंबरीत मिखाइलोव्ह नावाचा चित्रकार येतो, तो आनाचे पोर्ट्रेट करतो, आणि त्या मिखाइलोव्हमध्ये क्राम्स्कोय बराच उतरला आहे असे जाणकार मानतात. चित्रकार टॉलस्टॉयचे कपाळ मोजत होता आणि टॉलस्टॉय चित्रकाराची वही. दोघांनीही आपापले काम चोख केले.

दाढीमिश्यांचा प्रश्न आधीच सोडवून घ्यावा. डिकन्सने मिशा राखल्या तेव्हा त्याचा मित्र आणि पुढचा चरित्रकार जॉन फॉर्स्टर नाराज झाला. फ्रिथ या चित्रकाराकडून डिकन्सचे चित्र काढून घ्यायचे त्याच्या मनात होते, पण हे मिशांचे खूळ उतरेपर्यंत थांबू या, असे त्याने फ्रिथला सुचवले. फ्रिथ थांबला. मिशा तर गेल्या नाहीतच, वर दाढी आली. शेवटी पुढे काय उगवेल या धास्तीने १८५९ मध्ये चित्र उरकून घेण्यात आले.

किती वेळा बसावे याला नियम नाही. गर्ट्रूड स्टाइन १९०५-०६ च्या हिवाळ्यात पिकासोपुढे ऐंशी-नव्वद वेळा बसली, निदान तिचे म्हणणे तसे आहे. एवढे झाल्यावर पिकासोने तिचा चेहरा पुसून टाकला आणि तो स्पेनला निघून गेला. परत आल्यावर ती समोर नसतानाच त्याने चेहरा रंगवून टाकला. तेव्हा तुम्ही बसलात किंवा न बसलात याने फार बिघडते असे नाही.

सदरलंडचीही रीत साधारण अशीच. समोर बसवून तो रेखाटने करी, त्यांवर चौकटी आखून ती मोठी करी, आणि खरे चित्र स्टुडिओत तुमच्या गैरहजेरीत होई. त्यामुळे मान वळवून कॅनव्हासकडे चोरून पाहणे, पाणी पिण्याच्या निमित्ताने मागून चक्कर मारणे वगैरे जे प्रकार नवशिके करतात, त्यांना इथे वाव नसतो. चित्र होते ते तुमच्या माघारी. तुमच्याविषयीचे बाकी सगळे जसे होते तसेच.

पहिली नजर

हा या विषयातला सर्वांत अवघड धडा आहे, सावकाश वाचावा.

आधी चित्र पाहू. कॅनव्हास उंच आणि निमुळता, सुमारे १३७ सेंटिमीटर उंच आणि जेमतेम ६३ रुंद. म्हणजे रुंदीच्या दुपटीहून जास्त उंची. खोली नाही, पुस्तके नाहीत, लेखणी नाही, खिडकीबाहेर भूमध्य समुद्र नाही. मागे नुसता पिवळा-नारिंगी रंग, हळदीकडे झुकणारा, आणि वरच्या कडेला ताडाच्या झावळ्यांची हलकी खूण. मध्ये वेताच्या स्टुलावर म्हातारा बसला आहे. पायावर पाय, हाताची घडी, मान किंचित मागे. ओठांची दोन्ही टोके खाली गेलेली. डोळ्यांखाली पिशव्या, गालांवर अशा घड्या की सदरलंडने झाडाची साल रंगवण्याचा सगळा सराव इथे वसूल करून घेतला असावा. नजर आपल्याकडे नाही, थोडी वरून आहे. कुणीतरी गोष्ट सांगतो आहे, याला ती आधीच ठाऊक आहे, आणि ती संपेपर्यंत थांबण्याइतकी सभ्यता त्याच्यापाशी आहे.

स्टुलाला पाठ नाही हे विसरू नये. टेकायची सोय नसलेला माणूस स्वतःलाच टेकतो. ती हाताची घडी पाहा, तिथे मॉमने मॉमला धरून ठेवले आहे. हा माणूस जन्मभर तोतरा होता. बोलता बोलता शब्द अडे आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर काय येते ते त्याला पाहत राहावे लागे. त्याने लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात डॉक्टरकीचे शिक्षण घेतलेले, तिथे झोपडपट्टीतली बाळंतपणे केलेली. अडलेल्या शब्दाच्या मागे उभे राहून लोकांना निरखायचे, हेच त्याचे पुढचे सगळे भांडवल. सदरलंडने तोतरेपणा कसा रंगवला असे मला कोणी विचारले तर मी त्या मिटलेल्या ओठांकडे बोट दाखवीन. हे माझे मत आहे, टेटवाल्यांचे नाही.

आता प्रतिक्रिया. मॉमने नंतर जे सांगितले त्याचा आशय असा : पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला धक्काच बसला, सुन्न झालो, हा चेहरा खरेच माझा का, असे वाटले, आणि मग हळूहळू लक्षात येऊ लागले की मी स्वतःला जेवढा कधी दिसलो नव्हतो, त्याहून कितीतरी जास्त मी इथे आहे.

या वाक्याची दोन टोके नीट पाहावीत. नवशिके पहिल्या टोकावर थांबतात. ‘हा मी नाही’ म्हणून दार आपटतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे ‘छान झालंय’ म्हणतात. मॉमने धक्का लपवला नाही आणि धक्क्यावर थांबलाही नाही. पण हे त्याला मोठ्या मनामुळे जमले, असा गैरसमज नको. मॉमच्या मनाच्या मोठेपणाविषयी त्याच्या ओळखीच्या लोकांनी फारसे लिहून ठेवलेले नाही. त्याला ते जमले, कारण हे कसब त्याच्या घरचेच होते. काप फेराच्या ‘व्हिला मोरेस्क’ या घरात त्याच्या लिहिण्याच्या खोलीला चित्रकार गोगँने रंगवलेली काच बसवलेली होती, ताहितीतल्या एका झोपडीतून २०० फ्रँकला उचलून आणलेली. गोगँच्या आयुष्यावर बेतलेली ‘द मून अँड सिक्सपेन्स’ त्याने १९१९ मध्येच लिहिली होती. चित्रकार माणसाचे काय करतो हे त्याला ठाऊक होते. आणि चांगले काम समोर आले की ते ओळखायचे, मग ते आपल्या अंगावर का झालेले असेना, ही कारागिराची शिस्त त्याच्यात होती.

याच घराच्या फाटकावर, आणि त्याच्या पुस्तकांवरही, दृष्ट लागू नये म्हणून एक उत्तर आफ्रिकी खूण असे. तिच्यादेखत सदरलंड वही घेऊन आत गेला.

मित्रांची मते

ती मागू नयेत, न मागता मिळतात. सदरलंडचे चित्र पाहून जेरल्ड केली काय म्हणाला ते प्रसिद्ध आहे : या विलीला (म्हणजे मॉमला) मी १९०२ पासून ओळखतो, पण म्हाताऱ्या चिनी बाईच्या वेषात हा शांघायमध्ये कुंटणखाना चालवत होता हे मला आज कळतंय. हे म्हणणारा केली त्याच वर्षी रॉयल अकॅडमीचा अध्यक्ष झाला. विनोद उत्तम आहे, त्यामुळे आजही सदरलंडच्या चित्राची चर्चा निघाली की तो आपोआप निघतो. नवशिक्यांनी मात्र विचारावे की ज्याने या गृहस्थाला इतक्यांदा इतके देखणे रंगवले, त्याला एवढा चांगला विनोद सुचावा इतके काय झोंबले असेल. त्याची एक बाजू पुढे येईल.

घरच्यांच्या मतांची गोष्ट आणखी वेगळी. शार्लट ब्राँटेचे चित्र जॉर्ज रिचमंडने १८५० मध्ये खडूने केले. तिच्या प्रकाशकाने ते तिच्या वडिलांना भेट दिले. रिचमंडच्या सांगण्याप्रमाणे चित्र पाहून शार्लटला रडू कोसळले, कारण त्यात तिला आपली बहीण ॲन दिसली. ॲनला जाऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. आपल्या चित्रात आपण सोडून भलतेच कोणी भेटू शकते, याची तयारी ठेवा असे मी म्हणणार होतो, पण अशी तयारी करून होत नाही.

चित्र हॉवर्थच्या घरी पोचल्यावर म्हातारी मोलकरीण टॅबी हटून बसली : हे बाईंसारखे नाहीच, फार वयस्क दिसतंय. शार्लटने प्रकाशकाला कळवले की तिच्या मताला फार किंमत देऊ नये, कारण सोबत आलेले ड्यूक ऑफ वेलिंग्टनचे चित्र हे आमच्या मालकांचेच आहे, असेही ती तितक्याच ठामपणे सांगते आहे. प्रत्येक घरात एक टॅबी असते. तिला चित्र आधी दाखवावे. बाकीच्यांची मते मग सौम्य वाटतात.

तोंडात ठेवायची वाक्ये

वकिलाला चित्र आवडले नाही तर तो पैसे बुडवतो. कादंबरीकाराकडे त्याहून धारदार हत्यार असते, ते म्हणजे वाक्य. ते चित्राच्या शेजारी कायमचे टांगले जाते, म्हणून जपून निवडावे.

डिकन्सचा नमुना पाहा. फ्रिथच्या चित्रात तो तिरपा होऊन रोखून पाहतो आहे. त्याचा अभिप्राय असा की चित्रातल्या माणसाचा शेजारी त्याचा हाडवैरी आहे, त्या शेजाऱ्याने विमा उतरवलेला नाही, आणि त्याच्या घराला आग लागल्याची बातमी याला नुकतीच कळली आहे. एका वाक्यात दोन पात्रे, एक घर, एक विमा कंपनी आणि कथानक. पण नीट पाहिले तर यात तक्रारही आहे, हे चित्र म्हणजे मी नाही अशी. हसवून नाकारणे हा डिकन्सचा मार्ग. ज्यांना डिकन्सइतके हसवता येते त्यांनीच तो धरावा.

टॉमस हार्डीला ऑगस्टस जॉनने १९२३ मध्ये रंगवले, तेव्हा हार्डी ८३ वर्षांचा. तो म्हणाला, मी असा दिसतो की नाही ठाऊक नाही, पण मला आतून वाटते ते असेच. यात कलाकुसर काहीच नाही, आणि माझ्या लेखी या साऱ्या यादीत ते पहिले येते. मॉमचे दुसरे. मॉमच्या वाक्यात थोडीशी बढाई शिल्लक आहे, कितीतरी जास्त मी.

टॉलस्टॉयला म्हातारपणी रेपिनने अनवाणी उभे करून रंगवले. चित्र १९०१ चे. यावर, पायजमा तेवढा ठेवलात त्याबद्दल आभार, अशा अर्थाचे काही टॉलस्टॉय म्हणाल्याचे सांगतात.

हेन्री जेम्सच्या बाबतीत सगळे आपल्याकडच्या गौरव समितीसारखे रीतसर झाले. सत्तरी आली, अडीचशेहून अधिक चाहत्यांनी वर्गणी काढली, सार्जंट या चित्रकार मित्राने पैसे न घेता चित्र केले, जेम्स खूश. पुढच्या वर्षी, मे १९१४ मध्ये, चित्र रॉयल अकॅडमीत लागले असताना मेरी वुड नावाची मताधिकारवादी महिला खाटकाचा सुरा घेऊन आली आणि तिने जेम्सच्या चेहऱ्यावर वार केले. जेम्सने पत्रातून कळवले की डोक्याची कातडी सोलून काढल्यासारखे वाटते आहे. दुःख खरे होते. पण सांत्वनाच्या पत्रांचा जो पाऊस पडला, तेवढी पत्रे त्याच्या शेवटच्या अवघड कादंबऱ्यांवर आली नव्हती, एवढे आपण अंदाजाने म्हणू शकतो. चित्र सांधले गेले आणि आज लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे.

विल्हेवाट

आता चर्चिल. मॉमच्या चित्राने सदरलंडचे नाव झाले आणि त्याच्याकडे मोठमोठी गिऱ्हाइके येऊ लागली. पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांनी मिळून चर्चिलच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी त्यालाच काम दिले, बिदागी १,००० गिनी. ३० नोव्हेंबर १९५४ ला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये समारंभ झाला. चर्चिलने चित्र आधी पाहिले होते आणि त्याचा तिळपापड झाला होता. पण नोबेल मिळालेला लेखक होता तो, आणि तेही साहित्याचे, आदल्याच वर्षी. त्याने भाषणात चित्राला आधुनिक कलेचा उल्लेखनीय नमुना म्हटले. ‘आधुनिक कला’ हे शब्द त्याने अशा काही सुरात उच्चारले की सभागृहात हशा पिकला. चित्रकार समोर बसलेला होता. वाक्यात शिवी कुठेच सापडत नाही.

इथवर सगळे अनुकरणीय. पुढचे नाही. चित्र घरी गेले आणि पुन्हा कुणाला दिसले नाही. पत्नी क्लेमेंटाइनने ते नष्ट करवले होते. ती १९७७ मध्ये वारल्यावर ही गोष्ट बाहेर आली. ते जाळण्यात आले होते. नवशिक्यांनी यातून व्यवहारापुरते एवढेच घ्यावे की जाळून काम होत नाही. सदरलंडची कच्ची रेखाटने उरली, छायाचित्रे उरली, आणि चित्र भिंतीवर राहून जेवढे प्रसिद्ध झाले नसते तेवढे राख होऊन झाले.

मॉमचे चित्र त्याच्या मुलीकडे गेले आणि तिने १९५१ मध्ये ते टेटला देऊन टाकले. हा उत्तम मार्ग. ११ वर्षांनी मॉमने आपला चित्रसंग्रह विकायला काढला आणि त्या पैशांवरून बापलेकीत कोर्टकचेरी झाली. ताड-झावळ्यांखालचा म्हातारा तोवर सरकारी भिंतीवर सुखरूप होता.

जुनी उधारी

हे काम खरे तर स्टुलावर बसण्यापूर्वी करायचे, पण ते कुणी आधी करत नाही म्हणून शेवटी दिले आहे.

आपल्या सगळ्या कादंबऱ्या घेऊन बसावे आणि कुणाकुणाला न विचारता रंगवले त्याची यादी करावी. मॉमच्या यादीत केली होता. ‘ऑफ ह्यूमन बाँडेज’मधला लॉसन हा चित्रकार बराचसा त्याच्यावरून घेतलेला. शांघायच्या त्या विनोदामागे किती वर्षांची मुद्दल आणि किती व्याज, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

पण यादीत सर्वांत वर ह्यू वॉलपोल. त्या काळचा खपणारा कादंबरीकार, व्याख्याने देणारा, समित्यांवर बसणारा, सगळ्यांशी गोड. मॉमशी मैत्री. १९३० च्या सप्टेंबरात मॉमची ‘केक्स अँड एल’ त्याच्या हाती आली. एका पुस्तक मंडळाच्या निवड समितीचा तो प्रमुख होता, पुस्तके वाचणे हे त्याचे कामच. रात्री निजायच्या आधी, अर्धे कपडे उतरवलेले, पलंगाच्या कडेवर बसून त्याने सहज पान उघडले. त्यात आल्रॉय किअर नावाचा लेखक होता : बेताची प्रतिभा, अफाट चिकाटी, टीकाकारांना जेवायला बोलवून आपलेसे करण्याची हातोटी. वॉलपोल तसाच बसून वाचत राहिला. पुढचे कपडे उतरले नाहीत. झोप आली नाही. हे त्यानेच डायरीत लिहून ठेवले आहे.

वॉलपोलने जाब विचारला तेव्हा मॉमने कळवले की छे, तू कसा असशील, तो डझनभर जणांचा मिळून झालेला आहे आणि सगळ्यांत जास्त त्यात मीच आहे. वॉलपोलने हे मानले की नाही कोण जाणे, पण त्याने मैत्री तोडली नाही. उलट पुढच्याच वर्षी कुणी टोपणनावाने खुद्द मॉमची अशीच चंपी करणारी कादंबरी काढली, तेव्हा ती रोखायला हवी म्हणून धडपडणाऱ्यांत वॉलपोल होता.

सगळ्यांत जास्त त्यात मीच आहे. १९३० मध्ये हे वाक्य सुटका म्हणून वापरले होते. १९४९ मध्ये सदरलंडच्या कॅनव्हाससमोर उभे राहून जवळपास तेच पुन्हा तोंडून आले, आणि या वेळी ते खरे होते. यानंतरच्या वर्षी ‘केक्स अँड एल’ची नवी आवृत्ती निघाली. तिच्या प्रस्तावनेत मॉमने छापून टाकले की होय, आल्रॉय किअर लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे ह्यू वॉलपोल होता. वॉलपोलची त्यावरची प्रतिक्रिया उपलब्ध नाही. तो १९४१ मध्येच वारला होता.